गॉगलला चरा नको

सुरक्षेचं साधन आधी स्वतः सुरक्षित राहिलं पाहिजे, हे ज्या समाजाला कळलं त्याची प्रगती कोणी रोखू शकत नाही. टीव्हीचा रिमोट आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो, नव्या गाडीच्या सीटवरचं वेष्टन ती जुनी होईपर्यंत काढत नाही, आणि पाहुण्यांसाठी घेतलेले कप पाहुण्यांनाही देत नाही. ही थोर परंपरा पाथर्डी तालुक्यातल्या सूर्यभानने फॅब्रिकेशनच्या धंद्यात आणली. त्याबद्दल त्याचा अजून सत्कार झालेला नाही, ही खेदाची बाब आहे.

सूर्यभानचं पत्र्याचं दुकान शेवगाव रस्त्याला आहे. वर्षभर तो गेट आणि खिडक्यांचे गज करतो. दसरा ते दिवाळी मात्र त्याला मान वर करायला फुरसत नसते, कारण ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या टायरगाड्या, म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाड्या, याच दिवसांत आजारी पडतात. सगळ्या गाड्यांवर त्याच्याकडे एकच औषध आहे, ते म्हणजे हातातला ग्राइंडर.

ग्राइंडर म्हणजे मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारणारं चाक. कंपनी त्यावर एक लोखंडी गार्ड बसवून देते. पण चार इंची मशीनला पाच इंची चाक लावायचं तर हा गार्ड आडवा येतो, म्हणून मशीन घरी आणल्यावर पहिला मान तो काढण्याचा. सूर्यभानच्या दुकानात गार्ड वाया गेलेला नाही. त्यात तंबाखू आणि चुन्याची डबी नीट बसते.

लोखंड कापण्याची मान्यताप्राप्त पद्धत अशी: लोखंड डाव्या पायाखाली दाबावं (पायात स्लीपर असावी, बुटात लोखंडाचा अंदाज येत नाही). गळ्यातल्या गमजाची टोकं मोकळी सोडावीत, घाम पुसायला बरी पडतात. चाक टेकवताना एकदा नीट बघून घ्यावं आणि मग डोळे मिटून मान वळवावी. पुढचं देव बघतो (त्याच्याकडे गॉगल आहे की नाही, याची माहिती उपलब्ध नाही). शंभरातल्या नव्वद कारागिरांच्या मते ही पद्धत बिनधोक आहे. उरलेले दहा मत नोंदवायच्या दिवशी दवाखान्यात होते.

सूर्यभानची बायको राहीबाई मात्र या पद्धतीच्या विरोधात होती. तिच्या माहेरी एका चुलत्याचा डोळा उसाच्या पाचटाने गेला होता. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकून तो चहा कपाच्या शेजारी ओतायचा, आणि लहानपणी राही त्याचा हात धरून कपावर नेऊन ठेवायची. श्रावणात सूर्यभानच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, तेव्हा तिला रात्रभर तो कप दिसत राहिला. ती नगरला जाऊन गॉगल घेऊन आली.

"आवं, डोळा गेला म्हंजी काय करायचं?"

"दुसरा हाय की," सूर्यभान म्हणाला.

राहीबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो हादरला आणि त्याने गॉगल स्वीकारला. वेष्टनासकट भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. तो घालायला त्याचा विरोध नव्हता, पण अडचण तात्त्विक होती. जिथं ठिणग्या उडतात तिथं नवा कोरा गॉगल घालून कसं जायचं? काचेला चरे पडले असते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, तशी ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि हातोड्याची झाली. त्यांच्या रांगेत गॉगलही बसला. वेष्टनावरूनच त्याच्या दोन्ही काचांना हळद-कुंकवाची बोटं लागली आणि वर झेंडूचा हार आला. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर कामाला लागला, कारण तो मजूर. गॉगल पूजेला बसलेला, त्याला नाकावर घेऊन घाम कसा लावायचा? तो हारासकट पुन्हा खिळ्यावर गेला. (तोच नियम ग्राइंडरला का लागू नाही, हे राहीबाईने विचारलं. उत्तर अद्याप प्रलंबित आहे.)

त्याच आठवड्यात पुंजाराम आपली टायरगाडी घेऊन आला. पुंजाराम दरवर्षी ऊसतोडीला जातो आणि गावात असला की लोकांच्या डोळ्यांतला कचरा गमजाच्या टोकाने काढून देतो. सूर्यभानने गाडीचा लोखंडी बार पायाखाली घेतला, डोळे मिटले आणि मान वळवली. चाक अडकलं, फाडकन फुटलं, आणि त्याचा तुकडा कानाजवळून सूं करत भिंतीकडे गेला. गॉगलच्या उजव्या काचेचे दोन भाग झाले.

 मग पुंजारामने हात जोडले.

"सूर्यभाना, गॉगलनं तुझ्यावरचं सोत्तावर घेतलं बग!"

यावर वाद घालायला जागाच नव्हती. उजवी काच फुटली आणि उजवा डोळा वाचला. गॉगल भिंतीवरून काम करतो, हे प्रयोगाने सिद्ध झालं होतं. आठवडाभरात रस्त्यावरच्या प्रत्येक वेल्डरने गॉगल आणून लिंबू-मिरचीशेजारी टांगला. सुरक्षेबाबत इतकी जागृती तालुक्यात पूर्वी कधी झाली नव्हती.

राहीबाईने दुसरा गॉगल आणला. सूर्यभान तो टांगायला खिळा शोधू लागला. तेव्हा तिने घमेलं पालथं घातलं आणि बरोबर ठिणग्या पडतात तिथं जाऊन बसली.

"मी हितंच बसनार. तुमी घातल्याबिगर उठायची न्हाई."

"आगं डोळ्यात जाईल!"

"जाऊ द्या. दुसरा हाय की."

सूर्यभानने खिळ्याचा शोध थांबवला. आपल्या धंद्यात माणसाचा डोळा जाऊ शकतो, हे त्याला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पटलं. त्याने तत्काळ उपाय केला. गॉगलचं वेष्टन फाडलं, तिच्या डोळ्यांवर तो चढवला, मागचा पट्टा हलक्या हाताने नीट केला, आणि स्वतः डोळे मिटून काम सुरू केलं.

काप पुरा झाला का बघायला डोळे उघडले आणि कण त्याच्याच डोळ्यात गेला. पुंजारामने गमजाच्या टोकाने तो काढायचा प्रयत्न केला, त्यामुळे तो आणखी आत गेला. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, तेव्हा दोघं एसटीने नगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कण काढला. बुबुळावर गंज चढायला लागला होता, तोही खरवडला.

"गॉगल नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"हुता की."

"मग कुठं होता?"

"मंडळींच्या डोळ्यावर."

मंडळी बाहेर बाकावर बसून रडत होत्या. घाईत तोच गॉगल लावून त्या एसटीत बसल्या होत्या आणि आता काढायचं भान नव्हतं. सगळं पाणी काचेआड साचलं होतं.

डोळा वाचला. पट्टी सुटली त्या सकाळी राहीबाईने गॉगल पुढ्यात ठेवला, चुलीजवळचा एक खिळा घेतला आणि काचेच्या कडेला करकरीत लांब चरा ओढला. सूर्यभानच्या तोंडातून हाय निघाली. मग त्याने गॉगल उचलला, उजेडात धरून पाहिला, उसासा टाकला आणि डोळ्यांवर चढवला. आता जपण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून तो रोज घालतो.

वाचकहो, हसून झालं असेल, तर गाडीकडे एकदा नजर टाका. तुमचं हेल्मेट चांगल्या कंपनीचं आहे, त्याला एक चराही नाही, आणि या क्षणी ते आरशाला अडकवलेलं आहे. आरशाला काही होणार नाही, याची खात्री बाळगा.