नोएलीचा फोटो आणि शेवटचे तीन कागद

नोएली रविवारी गेली, आणि मंगळवारी सकाळी तिच्या नवऱ्यानं, कासिमीर ओव्हर्नेनं, फ्रीझरमधल्या सॉसेजच्या खालून एक काळं पाकीट ओढून काढलं. नोएलीची थोरली बहीण ओदील स्वयंपाकघरातच होती. दुःखातही गड्याचं जेवणाकडे लक्ष आहे म्हणायचं, असं मनाशी म्हणत तिनं तवा तापत ठेवला.

"खायचं नाहीये ते," कासिमीर म्हणाला. "कागद आहे. शेवटचे तीन."

स्लाइडवरून थेट रंगीत फोटो छापायचा तो कागद. फ्रीबूरजवळच्या एका कारखान्यात तो बनायचा आणि कासिमीर तिथेच तीस वर्षं चाचणीचे फोटो छापायचा. कारखाना बंद झाला, कागद जगातून संपला, हा मात्र फुशारकीसकट शिल्लक राहिला. या कागदावरचे रंग दोनशे वर्षं विटत नाहीत, हे त्यानं ज्याला ऐकवलं नाही असा माणूस गावात नसेल. सोमवारी नगरपालिकेत कबरीची जागा ठरवताना कारकून म्हणाला, जागा पंचवीस वर्षांपुरती, मग उकरून दुसऱ्याला. त्यावर यानं फोटोची दोनशे वर्षं काढलीच. कारकून सभ्य होता. उरलेली पावणेदोनशे वर्षं तो फोटो कोण बघणार, एवढंच त्यानं विचारलं.

ओदीलचं म्हणणं, स्लाइड दुकानात दे, संध्याकाळपर्यंत फोटो हातात. पण कासिमीर हट्टाला पेटला होता. तीस वर्षांत त्यानं चॉकलेटं, घड्याळं आणि गाई यांचे हजारो फोटो छापले होते. घरच्या बाईची धड स्लाइड म्हणाल तर एक. बाल्कनीत चेऱ्या खाताखाता हसलेली नोएली. तोच फोटो बुधवारी दुपारी दोन वाजता चर्चमध्ये शवपेटीशेजारी हवा होता.

डार्करूम होती इमारतीच्या तळघरात, अणुयुद्धासाठी बांधलेल्या निवाऱ्यात. काँक्रीटचं हातभर जाड दार. बाकीची बिऱ्हाडं तिथे दारूच्या बाटल्या ठेवत, कासिमीर रसायनं. या कागदाला लाल दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोखच लागतो. मग वरची बाजू कुठली हे कळायचं कसं? तर कागद कानाशी धरून अंगठा घासायचा. पाठ मोठ्यानं सळसळते, रंगाची बाजू जवळजवळ गप्प असते. कासिमीरनं घासलं, जाणत्यासारखी मान डोलावली, कागद लावला, प्रकाश दिला आणि डब्यात घालून रसायनं फिरवली. डबा उघडला तर कागद काळाकुट्ट. नोएलीचा पत्ता नाही.

या कागदाला उजेड पोचला नाही की फोटो काळा येतो, तेव्हा दिवा जुना झालाय, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या कागदाला प्रकाश दुप्पट दिला. तोही काळा. मग त्याला आठवलं, की आज मंगळवार, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम ब्युल्यारचा कपडे धुण्याचा दिवस. गरम पाणी सगळं तिनंच ओढलं असणार, रसायनं गार पडली असणार. तो तसाच तणतणत वर गेला. त्या बाईनं ओले हात पुसून सांत्वन केलं. हा पुन्हा पाण्याबद्दलच बोलला. तिनं पुन्हा सांत्वन केलं, जरा मोठ्यानं. याचं आपलं पाणीच चालू. शेवटी तिनं हळूच दार लावून घेतलं आणि याचं डोकं ताळ्यावर नाही असं शेजारी सांगितलं.

बुधवारी दहा वाजता ओदील काळा कोट घालून निवाऱ्यात उतरली. टेबलावरचे दोन्ही कागद तिनं पाहिले.

"उलटे लावलेस."

"ती चूक नवखे करतात."

"आणि बहिरे." ओदीलला गोड बोलणं कधी जमलंच नाही. "दहा वर्षं झाली तुला नीट ऐकू येत नाहीये, कासिमीर. नोएलीनं इस्पितळात सगळं सांगितलंय मला. कागद ती घासून ऐकायची आणि सुलटा तुझ्या हातात द्यायची. तू परत कानाशी धरून मान हलवायचास, आणि ती बिचारी काळोखात हसू दाबायची."

काळोखात आपल्याला सोबत हवी म्हणून बायको येते, असा कासिमीरचा समज होता. त्याला भयंकर लाज वाटली, मग राग आला, पण ज्या माणसावर काढायचा ते तर चर्चमध्ये आडवं होतं.

"तू ऐकशील?" त्यानं खाली बघत विचारलं.

दिवा बंद झाला. ओदीलनं कागद घासला आणि सांगितलं. कासिमीर म्हणाला, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं. "काय?" उजेडात तो तिच्या ओठांवरून निभावून न्यायचा, इथे ओठच दिसत नव्हते. तिसऱ्यांदा ती इतक्या जोरात ओरडली, की वरच्या जिन्यात कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. ते कुत्रंही याला ऐकू आलं नाही. अखेर तिनं चाचपडत त्याचा हात धरला, तळव्यावर कागद ठेवला आणि हातावर बोटानं एकदा टकटकवलं. गेल्या वीस वर्षांत त्या दोघांनी धड हातही मिळवला नव्हता.

अर्ध्या तासानं नोएली डब्यातून बाहेर आली. ओठांना चेरीचा लाल रंग, डोळे हसून बारीक झालेले. ओदीलनं एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. कासिमीरनं फोटो वाळत लावला आणि ओदीलच्या समोर, उजेडात, जाऊन उभा राहिला.

"हातावर बोट मारलंस ते कशाला?"

"नोएलीचीच खूण ती. तिनंच सांगितली. एकदा मारलं की हीच बाजू वर."

कासिमीरनं आपल्याच तळव्यावर बोटानं दोनदा टकटकवलं.

"ती दोनदा मारायची," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी दोनदा."

ओदीलनं त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली.

"दुसऱ्यांदा का मारायची, ते मला काही बोलली नाही ती," ती म्हणाली.