भव्य भरती

भाऊजींना काम करण्याआधीच कौतुक लागतं, ही खोड वहिनींना लग्न होऊन आल्या दिवसापासून ठाऊक होती. तेव्हा भाऊजी अर्ध्या चड्डीत होते. पाण्याची बादली उचलली की नळापासूनच ओरडत यायचे, "वहिनी, बघा, मी आणतोय हं!" आणि एका हातानं बादली, दुसऱ्या हातानं स्वतःकडे बोट, असं करत दारात पोचेपर्यंत बादलीत पाणी थोडं आणि पायजम्यावर, म्हणजे भावाच्या वाळत घातलेल्या पायजम्यावर, जास्त. आता भाऊजी नगराध्यक्ष झाले होते. चड्डी गेली, खोड राहिली. गटार उपसायचं ठरलं की आधी फलक लागायचा, मग फीत कापायची, मग भाषण व्हायचं, आणि गटार बिचारं जिथल्या तिथे वाट बघत बसायचं.

नगराध्यक्षच वहिनी म्हणतात म्हटल्यावर सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणायचं. भाऊजींना तोंडावर बोलायची हिंमत गावात त्यांच्या एकट्यांची होती आणि ती त्या वाया जाऊ देत नसत.

तर यंदा मुख्य रस्त्याचे खड्डे बुजवायचे ठरले. नगरपालिकेच्या अभियंत्यानं फलकाचा मजकूर साधा लिहून आणला: मुख्य रस्त्यावरील खड्ड्यांत खडीची भरती, सोमवारपासून. वर भाऊजींचा हसरा फोटो.

भाऊजींनी मजकूर वाचला आणि त्यांचं हसू फोटोपुरतंच उरलं. "माझ्या तोंडाखाली खड्डे?"

"साहेब, खड्डेच आहेत ते."

"असतील. रस्त्यावर असू देत. माझ्या तोंडाखाली नकोत. काढा."

"बरं. मग खडीची भरती..."

"खडी कशाला? लोकांना काय ती खायची आहे? काढा."

उरलं 'भरती'. ते फलकावर फारच एकटं दिसायला लागलं, म्हणून भाऊजींनी स्वतःच्या अकलेनं त्याला जोडीदार दिला. दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला: 'भव्य भरती! सोमवारी सकाळपासून. मुख्य रस्ता, नगरपालिकेसमोर.'

त्या गावातल्या पोरांना दुसरं काही पाठ नसलं तरी भरती हा शब्द पाठ होता. पहाटे उठून ती त्याच रस्त्यावर धावायची, भरतीसाठी. वाचनालयात माना मोडेपर्यंत वाचायची, भरतीसाठी. सोयरीक आली तर पोरीचा बाप पहिला प्रश्न विचारायचा तो भरतीचाच. असा शब्द, तोही भव्य, भर चौकात दिसल्यावर काय व्हायचं ते झालं. ज्याच्या त्याच्या फोनवर फलकाचा फोटो गेला. गावाबाहेर गेला, शेजारच्या गावांत गेला आणि फिरत फिरत लांबच्या शहरात एका गोदामात खोकी बांधत बसलेल्या वहिनींच्या धाकट्या लेकाला मिळाला.

धाकट्याचा फोन म्हणजे जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवतो. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "आई, काकांनी भरती काढलीये म्हणे. येऊ का?"

'येऊ का' एवढ्या दोन शब्दांसाठी वहिनी किती दिवस फोन उशाशी घेऊन झोपत होत्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. "घर तुझं आहे. पाहुण्यासारखं विचारतोस काय?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग मात्र तो फोन मांडीवर घेऊन बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. सून म्हणाली, "आई, कुणाचा होता?" तर म्हणाल्या, "त्याच्या खोलीत तुझ्या नवऱ्यानं अडगळ भरून ठेवलीये ती आधी काढायला सांग."

पण वहिनी कच्च्या नव्हत्या. लेकाला बोलावलं तरी खात्री करून घेतलेली बरी, म्हणून त्यांनी दिराला फोन लावला.

"भाऊजी, भरतीचं खरं का?"

"खरं म्हणजे? भव्य आहे, वहिनी!"

"किती जागा?"

"जिथे जिथे रिकामी दिसेल तिथे तिथे."

"आणि आपल्या घरच्याचं काय?"

वहिनींच्या दारासमोर गावातला सगळ्यात मोठा खड्डा होता. भाऊजींना तो आठवला. "त्याचं काय विचारता? पहिला नंबर त्याचा. रोज जाता-येता आठवण येते मला त्याची."

वहिनींचा आवाज जरा हलला. दिराच्या पोटात एवढी माया असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "फार दिवस झाले हो त्याला."

"कळत नाही का मला? दुर्लक्षच झालं त्याच्याकडे. लोक मला नावं ठेवतात."

"आता नगराध्यक्षानं घरच्याचंच बघितलं, असंही म्हणतील."

"म्हणू देत! गावात त्याच्याएवढा मोठा दुसरा दाखवा मला."

"मोठा कुठला, धाकटाच तो."

"तुम्हाला रोजची सवय, म्हणून धाकटा वाटतो. मी स्वतः उतरून बघितलाय. फार खोल आहे."

मनात उतरून म्हणत असतील, असं वहिनींनी ठरवलं. पुढारी माणसाचं बोलणं जरा वळणाचंच असायचं. शिवाय पोरगा खोल होता, हे खरंच होतं. मनातलं कधी वर येऊ द्यायचा नाही. आईवर गेला होता.

सोमवारी उजाडताच रस्त्यावर रांग लागली. धुतलेले शर्ट, चकचकीत बूट, छातीशी धरलेल्या फायली. रांग नगरपालिकेपासून निघून वहिनींच्या दारावरून पार बस स्टँडकडे वळली होती. अभियंता हातात टेप घेऊन खड्डे मोजायला आला आणि टेप दिसताच पुढची दहा-बारा पोरं छाती फुगवून ताठ उभी राहिली.

"बाजूला व्हा हो," अभियंता खाली वाकत म्हणाला. मग टेप खड्ड्यात सोडून तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, "खोली किती?"

"एकच, साहेब," समोरचं पोर घाईनं म्हणालं. "त्यातच सहा जण राहतो. वरती पत्रा आहे."

अभियंत्यानं मान वर केली. रांग बघितली. फायली बघितल्या. चौकातल्या फलकाकडे बघितलं आणि त्याच्या हातातली टेप आपोआप गुंडाळली गेली.

तेवढ्यात सकाळची बस आली आणि धाकटा दारासमोरच उतरला. वहिनी पायरीवरच होत्या, पण आपण मुळीच वाट बघत नव्हतो अशा बेतानं त्यांनी हातात झाडू धरला होता.

"वाळलास."

"तिकडे वाळवायलाच ठेवलंय, आई." तो हसला. खांद्यावर एवढीशी पिशवी. वहिनींना ती खटकली. पण सामान मागून येणार असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"आत ये, चहा घे."

"आधी रांगेत उभा राहतो. नाहीतर काकांच्या नावानं लोक ओरडतील."

मग भाऊजी आले. एवढी गर्दी त्यांच्या कुठल्याच कामाला कधी जमली नव्हती. त्यांना भरून आलं. कुणीतरी हातात माइक दिला. "तरुण मित्रांनो! आज मी शब्द देतो, या गावात एकही जागा रिकामी ठेवणार नाही! लहान-मोठी, जुनी-नवी, सगळ्या भरणार! आणि त्याही आजच्या आज!"

पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. भाऊजी हवेत, पोरं नाचतायत, अशा ऐन रंगात डंपर आला, मागे सरकला आणि त्यानं धडाधड खडी ओतली.

धूळ बसली. नाच थांबला. रांगेतला एक उंच पोरगा, त्याला सगळे लांबड्या म्हणत, पुढे झाला. "साहेब, हे काय?"

"भरती," भाऊजी खांद्यावरूनच म्हणाले.

"आणि आमची?"

"तुमची म्हणजे? तुमच्यासाठीच तर आहे ही!"

तेव्हा कुठे पोरांनी त्यांना खाली ठेवलं. हळू ठेवलं असं म्हणता येणार नाही. लांबड्यानं फाइल काखेत मारली, जवळच्या खड्ड्यात उतरला आणि पाय जुळवून उभा राहिला. "घ्या साहेब. ही जागा भरली."

बघता बघता सगळ्या रस्त्यावर पोरं खड्ड्याखड्ड्यांत उभी. मोठ्या खड्ड्यात चौघं, लहानात एक. डंपर पुढे जाईना, मागे येईना. ड्रायव्हरनं सरळ इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली. धाकटा आपल्या दारासमोरच्या त्या मोठ्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला, आणि सुनेनं आणलेला चहा तिथेच प्यायला लागला.

अभियंता भाऊजींच्या कानाशी लागला. "साहेब, खरं सांगायचं तर कचेरीत खरोखरच्या जागा रिकाम्या आहेत. माझ्या हाताखाली माणूस नाही. पण त्या भरायची परवानगी वरून येत नाही. खड्डे भरायची तेवढी येते."

"हळू बोला हो!"

दोघंही हळूच बोलले होते. पण माइक भाऊजींच्या हातात चालूच होता. 'हळू बोला हो'सकट सगळं बोलणं चौकातल्या कर्ण्यातून सगळ्या गावानं ऐकलं. रस्त्यावर एकदम सगळेच बोलायला लागले.

भाऊजी धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखे पळत वहिनींच्या पायरीशी आले. "वहिनी, तुम्ही धाकट्याला सांगा. घरचं पोर उठलं की बाकीचे उठतील."

वहिनींच्या डोक्यात आता कुठे सगळं जागच्या जागी बसत होतं. "भाऊजी, रोज जाता-येता आठवण यायची म्हणालात, ती या खड्ड्याची?"

"मग कुणाची?"

वहिनींनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला. हातात राहिला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. "अहो, ही पोरं उपाशीतापाशी आली आहेत. कुणी उसना शर्ट घालून आलंय. माझा पोरगा चालतं काम सोडून आलाय! आधी त्यांना सांगा, चुकलं."

भाऊजींनी माइक तोंडाशी धरला. "अनवधानाने झालेल्या शब्दरचनेमुळे..."

"सरळ बोला!"

"चुकलं, पोरांनो."

"आणि कचेरीतल्या रिकाम्या जागा?" लांबड्या खड्ड्यातून म्हणाला.

"त्यासाठी मी वर जाईन. परवानगी मागेन."

"तुम्ही नाही. आपण सगळे जाऊ. उद्याच. म्हणा."

भाऊजी म्हणाले. लांबड्यानं ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, कर्ण्याकडे कान लावून. मग पोरं एकेक करून वर आली. काही फायली झटकत घरी गेली. काहींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दिवसाच्या मजुरीवर फावडी घेतली.

धाकट्यानंही फावडं घेतलं आणि दारासमोरचा खड्डा भरायला लागला. वहिनी पायरीवर येऊन बसल्या. लेकाला काम करताना बघून त्यांना कितीतरी दिवस झाले होते. मान कशी वाकवतो, मधेच मनगटानं कपाळ कसं पुसतो, अगदी बापासारखं. पण तिकडची नोकरी गेली आणि इकडची नव्हतीच, हे काही घशाखाली उतरेना.

"मी तुला ये म्हणायला नको होतं रे."

"आई, मला माहीत होतं."

"काय?"

"फलकाच्या फोटोत काकांच्या मागे खडीचा ढीग दिसत होता. एवढं तरी कळतं मला."

"मग आलास कशाला?"

तो खडी पसरत राहिला. "आमचा मुकादम आईला भेटायला रजा देत नाही. किती वेळा मागितली. भरतीला मात्र लगेच देतो. उद्या हाच पोरगा साहेब होऊन आला तर, म्हणून घाबरतो."

वहिनींना त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला आणि त्याच हातानं त्याला जवळ ओढावंसंही वाटलं. यातलं काहीच त्यांनी केलं नाही. "परत कधी?"

"संध्याकाळच्या गाडीनं."

पिशवी एवढीशी का, ते कळलं. वहिनींनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली. धूळ तशी बरीच उडत होती. "कड नीट ठोक," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकाच्या भरवशावर सोडू नकोस."

त्यानं ठोकली. पाणी मारून, पायानं दाबून, पुन्हा खडी घालून ठोकली. दुपारी वर डांबर पडलं, रोलर फिरला. धाकटा जेवला, जेवता जेवताच भिंतीला टेकून झोपला, आणि वहिनींनी त्याच्यासमोरचं ताट न उचलता तसंच राहू दिलं.

निघायची वेळ झाली तेव्हा स्वयंपाक अजून चुलीवरच होता. "तू हो पुढे, स्टँडवर जागा धर," वहिनी म्हणाल्या. "गाडी आपल्या दारातूनच जाते. मी गरम डबा भरून खिडकीतून देते."

दर वेळी असंच व्हायचं. स्टँडवरून निघालेली गाडी त्यांच्या दारात आली की ड्रायव्हर तिला अगदी पावलाच्या चालीवर आणायचा. डबा द्यायचा, नीट राहा म्हणायचं, खिडकीतून हात घालून पोराचे केस मागे सारायचे, एवढं सगळं निवांत व्हायचं. बसायचा तोही न चुकता याच बाजूला.

वहिनी डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. भाऊजीही आले होते. सकाळचं विसरून, कमरेवर हात ठेवून, नव्या डांबराकडे बघत. वळणावर गाडी दिसली. वहिनींनी डबा दोन्ही हातांनी वर धरला.

गाडी आली आणि गेली. खिडकीतून बाहेर आलेला एक हात दिसला, "आई" एवढं ऐकू आलं, पुढचं वाऱ्यावर गेलं. डब्याचा चटका तेवढा वहिनींच्या हाताला बसत राहिला.

"बघितलंत, वहिनी?" भाऊजींची छाती फुलली होती. "जरा तरी हलली का गाडी? पाण्यावरून गेल्यासारखी गेली!"

गाडी दिसेनाशी होईपर्यंत वहिनींनी मान वळवली नाही. मग डबा दिराच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "जन्मात एकच काम धड केलंत, भाऊजी. तेही नेमकं आजच करायचं होतं!"