पर्मिट कुठाय?

गायधनींना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या गॅदरिंगला. प्रमुख पाहुण्या समई लावायला वाकल्या, तर त्यांच्या पाठीशी हे गृहस्थ आग विझवायचा सिलिंडर रोखून उभे! पाहुण्यांच्या हातातली मेणबत्तीच पडली. "उघडी ज्वाला आहे मॅडम," गायधनी मला शांतपणे म्हणाले, "पर्मिट कुठाय?"

गायधनी मूळचे नाशिकचे, इथे कुवेतला रिफायनरीत सेफ्टी इंजिनियर. तिथे लेखी पर्मिटशिवाय काडीसुद्धा ओढता येत नाही. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर ते पालक प्रतिनिधी म्हणून आले आणि त्यांनी शाळेचीच रिफायनरी केली. मी समितीची चिटणीस. फी आणि निकालावर तावातावाने बोलायचं, समोसे संपवायचे आणि घरी जायचं, एवढंच समितीचं काम अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

गायधनी घसरगुंडीवरून स्वतः घसरून बघत. टाय लावून! बालवाडीच्या संडासात स्वतःला कोंडून घेत आणि कडी बाहेरून उघडते का ते पाहत. एकदा नाही उघडली. सुतार येईपर्यंत आतून मिनिटं मोजल्याचा आवाज येत होता. मुख्याध्यापिकांचं भाषण रंगात आलेलं असताना आगीची घंटा वाजवून त्यांनी अख्ख्या समितीला भर उन्हात मैदानावर काढलं. "चार मिनिटं! खलास झाला असतात सगळे," म्हणाले.

आणि प्रत्येक सूचनेमागे लेक. आमची सई म्हणते, बसची मागची सीट तापते. आमची सई म्हणते, नळ उंच आहे.

यंदा मुदतवाढीचे अर्ज तपासायला घेतले. नियम साधा आहे: प्रतिनिधीचं मूल शाळेच्या पटावर हवं. सईचं नाव पटावर नव्हतं. दीड वर्षापूर्वीच दाखला नेला होता. मी यादी तीनदा पाहिली. समईला पर्मिट मागणारा हा माणूस!

त्यांना बोलावून घेतलं आणि तडकूनच विचारलं, "गायधनी साहेब, सई कुठाय?"

"नाशिकला. आईबरोबर गेली, तिकडेच रमली." ते टेबलाकडे बघत राहिले. "सांगायला हवं होतं. पण सांगितलं की इथलं येणं बंद. इथे खैतान भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये तपासण्यासारखं काही उरलं नाही हो मॅडम."

"मग ती सांगते ते सगळं?"

"तिच्या तिकडच्या शाळेचं. फोनवर सांगते. तिथे मला जाता येत नाही, म्हणून इथलं बघतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. नियम मात्र जागचा हलेना. त्यांनी गळ्यातला समितीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. दारातून वळून म्हणाले, "सई म्हणते, तिथे मुलींच्या संडासाची कडी अडकते. आपली एकदा बघाल?"

दुसऱ्या दिवशी आयाबाईंना बाहेर उभं करून मी बालवाडीच्या संडासात स्वतःला कोंडून घेतलं. मग गायधनींना फोन लावला. "बघितली. उघडते," म्हटलं.

पलीकडून प्रश्न आला, "किती सेकंदांत?"