मिनिटरावांची विश्रांती

"साहेब, मला अ‍ॅस्पर्जर आहे," मिनिटराव म्हणाले, आणि साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मिनिटराव बस डेपोत वेळापत्रकं करायचे. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठे किती थांबणार, हे गेली चौदा वर्षं त्यांच्याच टेबलावरून ठरत होतं. 'जरा वेळाने' हे शब्द त्यांच्या तोंडी नसत. ते 'सहा मिनिटांनी' म्हणत. म्हणून हे नाव. दोन महिन्यांपूर्वी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की तुमचा मेंदू जन्मापासूनच जरा वेगळ्या तऱ्हेने चालतो आणि त्या तऱ्हेला अ‍ॅस्पर्जर म्हणतात. मिनिटरावांना उलट बरंच वाटलं. त्यांची ताई म्हणाली, "ऑफिसात सांगून टाक एकदा. लोक शिष्ट म्हणायचे तरी थांबतील."

मिनिटरावांचं मागणं मोठं नव्हतं. कामं तोंडी न सांगता लिहून द्यावीत आणि कुणी पाठीवर थोपटू नये, एवढंच. पण ते सांगायच्या आधीच साहेब टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी मिनिटरावांच्या पाठीवर थोपटलं.

"काही काळजी करू नका. आम्ही सगळे आहोत."

दुपारपर्यंत बातमी डेपोभर झाली. टायपिस्ट बाई एकेक अक्षर सुटं करून "जे-व-ला-त का" असं विचारू लागल्या. आवाजाचा त्रास होईल म्हणून कुणीतरी पंखा बंद केला आणि मिनिटराव घामाघूम झाले. कालपर्यंत 'अहो-जाहो' करणारा हेडक्लार्क एकदम 'अरे-तुरे'वर आला, तेही लहान मुलाला औषध पाजताना बोलतात त्या आवाजात. तिसऱ्या दिवशी मिनिटरावांचं टेबल 'शांततेसाठी' सामानाच्या खोलीत, जुन्या टायरांशेजारी गेलं. आणि 'डोक्याला ताण नको' म्हणून नवं वेळापत्रक करायचं काम हेडक्लार्ककडे गेलं.

हे मात्र मिनिटरावांना लागलं. समोर रिकामं टेबल घेऊन बसायची त्यांना सवय नव्हती. मी आजारी नाही, असं साहेबांना जाऊन सांगावं, तर साहेब पुन्हा थोपटणार.

शुक्रवारी छापील वेळापत्रक त्यांच्या हाती पडलं. ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. हेडक्लार्क तिथेच होता.

"सात नंबर इथून आठ दहाला सुटते आणि पुढच्या स्टॉपवर आठ पाचला पोचते," मिनिटराव म्हणाले. "अशा अकरा बस आहेत."

"तू नको रे आकड्यांत शिरू थोडे दिवस," हेडक्लार्क मायेने म्हणाला.

"आराम करा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी दोनदा थोपटलं.

सोमवारी सकाळी साडेआठला डेपोच्या फाटकात चार बस एकमेकींना नाक लावून उभ्या होत्या. बाजाराच्या स्टॉपवर एकाच वेळी पाच बस आल्या आणि दवाखान्याच्या स्टॉपवर तासभर एकही नाही. तिथून एका नर्सबाईंचा फोन आला. रात्रपाळी संपवून त्या घरी निघाल्या होत्या. पण आता पुढची पाळी सुरू होईपर्यंत इथेच थांबू का, असं त्या अगदी शांतपणे विचारत होत्या. सात नंबरचा ड्रायव्हर गाडी बंद करून निवांत बसला होता.

"कागदाप्रमाणे मी पोचलोय," तो म्हणाला. "आता निघू कशाला?"

साहेब धापा टाकत सामानाच्या खोलीत आले. "अहो, तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"बोललो. शुक्रवारी, तीन वाजून वीस मिनिटांनी. तुम्ही आराम करा म्हणालात."

साहेबांचा हात सवयीने वर आला, अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला. मग टायरावर बसून त्यांनी एका कागदावर लिहिलं, 'वेळापत्रक दुरुस्त करून द्यावे', आणि तो कागद मिनिटरावांपुढे ठेवला.

अकरा चाळीसला दुरुस्त वेळापत्रक तयार होतं. दुपारी बस वेळेवर सुटू लागल्या. मिनिटरावांचं टेबल मूळ जागी आलं, पंखाही सुरू झाला.

मंगळवारी चौकशीला वरचे साहेब आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मिनिटरावांना विचारलं, "इतक्या झटपट कसं जमलं हो तुम्हाला?"

"चौदा वर्षं हेच काम करतोय. प्रत्येक बसमध्ये घड्याळ घेऊन बसलोय."

"त्यांना अ‍ॅस्पर्जर आहे ना," साहेब आवाज खाली आणून, पण काहीशा अभिमानाने म्हणाले.

"असं का," वरच्या साहेबांनी वही उघडली. "कुठून केलंत?"

"काय?"

"हेच, अ‍ॅस्पर्जर. त्या कोर्सला आपली आणखी चार माणसं पाठवता येतील का?"

"पाठवून होत नाही," मिनिटराव म्हणाले. "जन्मतःच असावं लागतं."

"मग पुढच्या भरतीच्या जाहिरातीतच टाकू," वरचे साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "असल्यास प्राधान्य."

साहेबांनी घाबरून मिनिटरावांकडे पाहिलं. वहीत 'शैक्षणिक पात्रता'खाली 'अ‍ॅस्पर्जर' लिहिलेलं मिनिटरावांना समोर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, क्षणभर विचार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक चूक तशीच राहू दिली.