तिसरा प्लग आणि दुसरा खंड

फिरत्या वाचनालयाच्या गाडीचे चारही स्पार्क प्लग सोमवारी बदलण्यात आले आणि मंगळवारपासून गाडी बिघडली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असावा, असे फक्त गाडीच्या चालकाला वाटले. देखभाल विभागाला तसे वाटण्याचे कारण नव्हते. गाडी सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र विभागाने सोमवारीच दिले होते, आणि मंगळवार हा सोमवारनंतर येतो.

चालकाला सगळे गाडीकाका म्हणत. एकोणीस वर्षे ते ही गाडी चालवत होते आणि पुस्तकांची देवघेवही तेच बघत. त्या मंगळवारी किल्ली फिरवताच गाडी हिवताप आल्यागत थरथरली, सायलेन्सर फटफटला, आणि फळीवरचा एक चरित्रग्रंथ आपणहून खाली उतरला. गाडीकाकांनी डोळे मिटून इंजिन ऐकले. गाडी तीनच सिलिंडरवर चालत होती. प्लग बसवताना एखाद्याची टोपी, म्हणजे वायरच्या टोकाचे ते रबरी बूच, नीट दाबायचे राहून गेले असणार. कुठल्या प्लगची, हे शोधणेही सोपे होते. इंजिन चालू ठेवून कोरड्या फडक्याने एकेक टोपी उचलून पाहायची; जी उचलल्याने काहीच फरक पडत नाही, तीच कामचुकार. ही पद्धत कार्यालयाला लावून पाहावी, असे त्यांच्या मनात आले नाही असे नाही.

अडचण एवढीच होती की बॉनेटच्या फटीवर देखभाल विभागाने कागदी सील चिकटवले होते. त्यावर त्या विभागाच्या साहेबांची सही होती आणि खाली ‘नव्वद दिवस उघडू नये’ अशी सूचना. गाडीकाका साहेबांकडे गेले.

“साहेब, गाडी मिसिंग मारतेय.”

साहेबांनी फाईल काढली. “हिचे तर प्लग नवीन आहेत.”

“म्हणूनच आलो. एखादी टोपी वर राहिली असेल. सील काढू द्या, दोन मिनिटांचं काम आहे.”

“प्लग जुने असते तर या क्षणी परवानगी दिली असती. तुम्ही म्हणता तसं धरलं, तर आपण बसवलेले प्लग नीट बसले नाहीत असा अर्थ निघतो.”

“तसाच निघतो, साहेब.”

“मग तो निघता कामा नये,” साहेब समजुतीने म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली आणि मार्गही सुचवला. “तुम्हाला आवाज येतोय ना? मग आवाजाबद्दल अर्ज करा. गाडीबद्दल करू नका.”

अर्ज झाला. तो ध्वनिमापन कक्षाकडे गेला. कक्षाने यंत्र आणून आवाज मोजला, तो मर्यादेत भरला, आणि एका सिलिंडरच्या मौनाची दखल घेऊन गाडीला ‘शांत वाहन’ असे प्रशस्तिपत्र दिले. ते काचेवर लावावे लागले.

सपाटीवरच्या थांब्यांवर गाडी कशीबशी पोचत होती. खरा प्रश्न गुरुवारचा होता. गुरुवारी टेकडीवरचा थांबा असे, आणि तिथे अकरा वाचक वाट बघत. त्यांत एक बाई होत्या. वय ब्याऐंशी, जन्मभर भूमिती शिकवलेली, आता गुडघे ठराविक कोनापलीकडे वळत नव्हते. प्लग बदलण्याआधीच्या गुरुवारी त्यांनी एका जाडजूड कादंबरीचा पहिला खंड नेला होता. त्याच्या शेवटच्या पानावर थोरल्या जावेच्या हातात एक पत्र पडते, आणि ती ते उघडणार तोच पुठ्ठा येतो. दुसरा खंड गाडीत होता. आणि गाडी टेकडीच्या दुसऱ्या वळणावर मान टाकत होती. तीन गुरुवार गाडीकाका तिथून उलटे, रिव्हर्समध्ये, खाली आले. माणूस हळवा होता. आरशात टेकडी लांब जाताना पाहून त्यांना खरोखर लाज वाटायची.

बाईंचा फोन आला. “अहो गाडीकाका, ते पत्र काय आहे हे कळायला माझ्याकडे किती गुरुवार आहेत, त्याची मला काही खात्री देता येत नाही हो.”

त्या दिवशी गाडीकाका नीट जेवले नाहीत.

“पुस्तक पिशवीत घाला आणि चालत नेऊन द्या की,” बायको म्हणाली.

“गाडीच्या पायरीवरच देता येतं. बाहेर दिलं तर हरवलं असं धरतात.”

“मग ते सील काढा.”

“अगं, त्यावर सही आहे.”

“आपल्या लग्नाच्या कागदावर माझीपण सही आहे. त्याला कधी एवढं घाबरला नाहीत.”

चौथ्या आठवड्यात आदेश आला. टेकडीच्या थांब्यावर सलग तीन आठवडे एकाही पुस्तकाची देवघेव न झाल्याने, तेथील वाचकांची वाचनाबद्दलची अनास्था लक्षात घेता, सदर थांबा बंद करण्यात येत आहे. गाडीकाकांनी आदेश दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि गुरुवारी सकाळी अंगठ्याच्या नखाने सील सोलून काढले.

पहिली टोपी उचलली, इंजिन आणखी गडबडले. दुसरी उचलली, तेच. तिसरी उचलली तर इंजिनाला पत्ताही लागला नाही. इंजिन बंद करून त्यांनी ती नीट धरून दाबली. टक् असा आवाज झाला. महिनाभराच्या पत्रव्यवहाराचे उत्तर तेवढेच होते. त्यानंतर गाडी अशी चालू लागली की गाडीकाका उगाचच पाच मिनिटे ती नुसती ऐकत उभे राहिले.

टेकडीवर बाईंनी दुसरा खंड पायरीशी उभ्यानेच उघडला आणि चष्मा सारखा केला.

“काय आहे पत्रात?” गाडीकाकांनी विचारले.

बाई गालात हसल्या. “स्वतः वाचा. एकोणीस वर्षं पुस्तकं नुसती उचलून ठेवताय.”

दोनच दिवसांत नोटीस आली. सील तोडल्याबद्दल, आणि बंद थांब्यावर गाडी नेल्याबद्दल. चौकशी साहेबांकडेच होती. प्रमाणपत्रावर त्यांची सही असल्याने प्रकरणाची सर्वांत जास्त माहिती त्यांनाच होती.

“दोष होता याला पुरावा काय?”

“तो मी काढला, साहेब.”

“म्हणजे आता नाही. आम्हीही पहिल्यापासून तेच म्हणतोय.”

“वाचकांना विचारा,” गाडीकाका म्हणाले. त्यांची सगळी भिस्त यावर होती. सपाटीवरच्या प्रत्येक थांब्यावर लोकांनी त्यांना धारेवर धरले होते. गाडी हलते, दात वाजतात, पुस्तके अंगावर येतात. एका गृहस्थांच्या डोक्यात तर शब्दकोश पडला होता, आणि त्यांनी त्यातले बरेच शब्द तिथल्या तिथे वापरूनही दाखवले होते. प्रत्येकापुढे गाडीकाकांनी अभिप्रायाची वही धरली होती.

साहेबांनी वही मागवली. महिन्यात एकशे त्रेचाळीस नोंदी होत्या. पहिल्या ओळीवर कुणीतरी घाईत ‘सेवा समाधानकारक’ असे लिहिले होते. त्याखाली एकशे एक्केचाळीस जणांनी ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाच्या दोन छोट्या रेघा मारल्या होत्या. शब्दकोशवाल्या गृहस्थांच्याही होत्या, फक्त जरा वाकड्या. शेवटची नोंद पानभर होती, ती बाईंची. पण तिच्यावर गुरुवारची तारीख होती. थांबा त्याआधीच बंद झाल्याने बाई त्या दिवशी वाचक नव्हत्या.

“बघा,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “एवढी माणसं खोटं कशाला लिहितील?”

गाडीकाकांनी वही स्वतःकडे ओढली आणि त्या रेघा पुन्हा एकदा मोजल्या.

निकाल लागला. गाडी नवीन प्लगांमुळे उत्तम चालत असल्याचे ठरले आणि ती दुसऱ्या चालकाकडे गेली. टेकडीचा थांबा बंदच राहिला. दुसरा खंड बंद थांब्यावर दिलेला असल्याने हरवला असे धरण्यात आले. त्यामुळे तो बाईंकडून कुणाला परत मागता येत नाही, हे गाडीकाकांचे एकमेव सुख. त्यांना मुख्य कार्यालयात दाराजवळच्या टेबलावर बसवले. काम एकच, जाणाऱ्या माणसापुढे अभिप्रायाची वही धरायची.

तुम्ही परवा तिथे गेला होतात. एका सहीसाठी तीन खिडक्या फिरलात, तिसऱ्या खिडकीने पुन्हा पहिलीकडे पाठवले, आणि जिन्यात तुम्ही सोबतच्या माणसाला या देशाचे काही खरे नाही असे सांगत होतात. दाराशी पिकल्या केसांच्या एका माणसाने कादंबरीचा पहिला खंड पालथा ठेवला आणि वही पुढे केली. “जे घडलं ते लिहा,” तो म्हणाला. “सावकाश लिहा, मी थांबतो.” त्याने पेनाचे टोपण दाबून बसवून, पुन्हा काढून, पेन तुमच्या हातात दिले. तुम्ही वरची ओळ पाहिली. मागे दोघेजण उभे होते.

त्या दोन रेघा मारायला तुम्हाला एक सेकंदही लागला नाही.