नवरीची दाढ बघणारी गुरव्वाक्का

आमच्या कमठाण्यात लग्नाच्या मांडवात लोक दोघांना भीत: आगीला आणि गुरव्वाक्काला. आग निदान धूर काढून, सांगून तरी येते. ही बाई बिनबोलावता यायची, पदर खोचून थेट नवरीपुढे बसायची आणि फर्मावायची, "आ कर गं माय." मग बोट घालून शेवटची दाढ चाचपायची. अक्कलदाढ लागली नाही की उठून जाहीर, "पोरगी अदात हाय. लगीन बंद!"

अदात म्हणजे दात न आलेला, जुपायला कोवळा बैल. तिचे वडील बैलबाजारात दलाल होते. ते दात बघून जनावराचं वय सांगत. "बैलाला दात बघूनशान जुपतेत, आन् पोरीला न बघता?" हा तिचा ठरलेला सवाल. त्याला उत्तर नव्हतं, म्हणून लोक काठ्या काढत.

निजामाची सत्ता नुकतीच गेली होती. रझाकारांच्या धास्तीनं आमच्या भागात नऊ-दहा वर्षांच्या पोरी घाईघाईनं उजवून टाकल्या होत्या. पुढं धास्ती गेली, घाई मात्र राहिली. बालविवाहबंदीचा कायदा बिदरपर्यंत पोहोचला होता. तिथून पुढच्या वाटेवर गुरव्वाक्का एकटीच.

चुकाही करायची. मन्नाएखेळ्ळीत तिनं चक्क बावीस वर्षांच्या नवरीचं लग्न अडवलं, कारण बिचारीला अक्कलदाढ आलीच नव्हती. नवरी रडकुंडीला येऊन म्हणाली, "अक्का, ती दाढ येईस्तोर ह्यो पळून जाईल की!"

दुसऱ्या एका मांडवात नवरी अकराची, नवरदेव पन्नाशीचा. हिनं दोघांचीही तोंडं उघडायला लावली आणि लग्न लावणाऱ्या जंगमाला विचारलं, "अय्या, हिच्या यायच्या राहिल्यात, ह्याच्या जाऊन बसल्यात. कुणाचं लगीन लावायलास?" मांडव हसून आडवा झाला. लग्न मोडलं. परतीच्या वाटेवर कुणीतरी गुरव्वाक्काचा डावा हात मोडला. तो वाकडाच जुळला.

मग माझ्याच घरी लग्न निघालं. थोरल्या भावाची शांता, वय बारा. नवरा मादन हिप्परगा गावचा. पाहुण्यांनी मांडवाबाहेर चार काठीवाले उभे केले. त्यातला एक मिशी पिळत मला म्हणाला, "ती बया आली तर ह्या खेपेला हातावर भागणार न्हाई."

भाऊ घाबरला. मला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "शिवप्पा, तुझ्या वळखीची हाय ती, धाकला भाऊ म्हणून तम्मा म्हणती तुला. शिवेवरूनच परत लाव. माझ्या दारात रगत नको." ते लग्न माझ्याही मनात नव्हतं, पण भावापुढं बोलायची माझी छाती नव्हती. निघालो.

गावाबाहेर बाभळीच्या कुंपणाआड कुणीतरी ओकत होतं. बघतो तर गुरव्वाक्का! गुडघ्यात मान घालून बसली होती.

"अक्का, बरं न्हाई का?"

"दरवेळी होतंय रे तम्मा." तिनं तोंड पुसलं. "वाजंत्री ऐकली की पोटातलं समदं वर येतंय. लई भ्या वाटतंय."

मला चक्क हसू फुटलं. जिला बघून नवरदेव घोड्यावरून उतरत, तिला भीती!

"मग कामून येतीस? परत जा. काठ्या घिऊन हुभे हायत."

"ठाव हाय." तिनं वाकडा हात कुरवाळला. "मी आठ वर्साची व्हते. अप्पानं निजलेलीच खांद्यावर नेली. अदात बैल कधी जुपू दिला न्हाई त्यानं. जाग आली ती मांडवात. दिसभर दाराकडं बघत बसले, कुणीतरी यील म्हणून. कुणीबी आलं न्हाई, तम्मा."

ती उठली. तिनं पदर खोचला. मी दंड पुढं केला. परत न्यायला आलेला मी, तिला घेऊन मांडवाकडे चालू लागलो! काठीवाल्यांपुढं ओरडलो, "नवरीचा काका हाय, वाट सोडा!" आवाज कोंबडीच्या पिलासारखा निघाला. ते गोंधळले, नवरीच्या काकाला बडवलं तर पंगतीत वाढायचं कुणी, हा विचार त्यांच्या मनात आला असावा.

ते लग्न मोडलं. त्या गोंधळात माझ्या पाठीत दोन काठ्या बसल्याच. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. शांता शिकली, आज दवाखान्यात नर्स आहे. हे सगळं मी हातवारे करून सांगतो, लोक पोट धरून हसतात.

एक मात्र सांगत नाही. आम्ही मांडवाच्या दारात पोहोचलो तेव्हा लोकांच्या मुठीत अक्षता होत्या. सगळे जंगमाकडे बघत होते. मुंडावळ्यांआडून शांता एकटी दाराकडे बघत होती. माझ्या दंडावरची गुरव्वाक्काची पकड सुटली.

"आले गं," ती म्हणाली. इतकं हळू, की ती शांताशी बोलली की आणखी कुणाशी, हे मला अजून कळलेलं नाही.