तुम्ही काय आणलंत?

११ नोव्हेंबर २००६, शनिवार. अंगणातला अक्रोडाचा पाचोळा गोळा करायचा होता. रविवारची शांतता मोडून दाताळं खरखरवलं तर इथे शेजारी खिडक्या उघडून बघतात, म्हणून शनिवारीच. दोन पोती भरली तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे हेर मोरेल म्हणाले, "आल्झो, तर मग, आम्ही आलो तेव्हा इथे पाचोळाच होता. घर एकही नव्हतं."

हेर मोरेल 'आले' त्याला तीनशेहून अधिक वर्षं झाली. फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंट लोकांना धर्म सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांचे पूर्वज पळाले. इथल्या राजाने त्यांना माळावर जागा दिली आणि एका रांगेत बारा सारखी घरं उभी राहिली. तेच आमचं गाव. हेर मोरेल आठ नंबरात जन्मले. फ्रान्स पाहिलेलं नाही, फ्रेंचचा एक शब्द येत नाही. पण सांगतात असे, की जणू कालच सामान उतरवलंय. समोरच्या बाईंचे आजोबा शेजारच्या गावातून आले, म्हणून त्या बाई अजून 'बाहेरच्या'.

माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला नोकरी लागल्यावर आम्ही सात नंबर भाड्याने घेतला. हे मूळचं मोजे विणणाऱ्याचं घर. पहिल्याच उन्हाळ्यात हेर मोरेल मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरात शिरले, भिंतीपासून अंतर मोजलं, आणि टोपी काढून आमच्या फ्रिजसमोर मान खाली घालून उभे राहिले. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या.

"अगं, हा म्हातारा फ्रिजच्या पाया का पडतोय?"

"आई, तिथे पूर्वी माग होता म्हणे."

"असेल. पण मला दूध काढायचंय. त्याला म्हणावं, जरा बाजूला राहून पाया पड."

त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात प्रत्येक घराचं एक कार्ड. जुन्या पाद्र्याच्या वहीतून उतरवलेलं आणि आजवर चालू ठेवलेलं. रकाने चार: आले कुठून, धंदा काय, आणलं काय, गेले कुठे. आमच्या कार्डावर पहिली नोंद मोजेवाल्याची: बायको, एक बकरी, दोन पातेली, एक बायबल. शेवटची नोंद आमची. तिसरा रकाना कोरा.

दोष माझाच. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "फ्राऊ बर्वे, तुम्ही काय आणलंत?" मला वाटलं, हे कस्टमचं काहीतरी आहे. बॅगांमध्ये लोणचं होतं. मी ठणकावून सांगितलं, "काही नाही. सगळं इथे विकत घेतलं."

"रिकाम्या हाताने कोणी येत नाही," ते म्हणाले, आणि रकाना कोरा ठेवला. तीन वर्षं विचारत राहिले. एकदा खोटं बोलल्यावर मीही मागे हटले नाही.

त्या शनिवारी तो डबा त्यांच्या काखेत होता. त्या शरद ऋतूत ते दोनदा न्हाणीघरात पडले होते. घर विकलं होतं आणि उद्या सकाळी मुलगी त्यांना हॅम्बुर्गला आपल्याकडे नेणार होती. हे त्यांनी उद्या कचऱ्याची गाडी येणार असल्यासारखं सांगितलं.

"डबा तुमच्याकडे राहील. पण अपुरं कार्ड मी कोणाच्या हातात देत नाही. काय आणलंत?"

मी दाताळं भिंतीला टेकवलं आणि सगळं कबूल केलं. ते फाटकाच्या खांबावर कार्ड ठेवून लिहीत होते.

"कुकर. किती लिटर?"

"पाच. गोडा मसाला दोन किलो. भाजणी. आईंनी दिलेला पितळी बाळकृष्ण. आणि लिंबाचं लोणचं."

"एवढं सगळं!" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि तीन वर्षं काही नाही म्हणत होतात?"

"कस्टमला कळवू नका."

"नोंद ती नोंद," ते म्हणाले, पण खूश होते.

डबा देऊन ते घरात गेल्यावर मी आठ नंबरचं कार्ड काढून पाहिलं. एकाखाली एक दहा मोरेल. 'गेले कुठे'समोर प्रत्येकाला एकच शब्द: दफनभूमी. अकरावे ते स्वतः. तिथे पेन्सिलीने 'हॅम्बुर्ग' लिहून खोडलं होतं, परत लिहिलं होतं, परत खोडलं होतं. कागद झिजून पलीकडचं दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पेन आणि एक कोरं कार्ड घेऊन गेले. मुलगी गाडीत सामान भरत होती. हेर मोरेल फाटकाशी टोपी घालून उभे होते.

"हे हॅम्बुर्गच्या घराचं कार्ड," मी म्हटलं. "पहिली नोंद तुमची. आले कुठून, ते मी लिहिलंय. काय नेताय?"

त्यांनी टोपी काढली. फ्रिजसमोर काढली होती तशी.

"दोन बॅगा," ते म्हणाले. "बायबल. बायकोचं कॉफी दळायचं यंत्र."

मी पिशवीतली बरणी त्यांच्या हातात दिली. "आणि?"

"लिंबाचं लोणचं."

"किती?"

"अर्धा किलो," ते म्हणाले. बरणी हातात तोलून पाहिली. "गेनाऊ. बरोबर अर्धा किलो."

गाडीच्या बॉनेटवर कार्ड ठेवून मी शाईने लिहिलं आणि त्यांच्या खिशात घातलं. गाडी वळणाआड गेली. मग घरी येऊन उरलेला पाचोळा ओढायला घेतला. रविवार होता. समोरची खिडकी उघडली. मी दाताळं थांबवलं नाही.